देवी किती जुनी, देऊळ किती जुनं?

मिरजेच्या पूर्वेला, द्राक्षबागांच्या पट्ट्यातल्या एका गावी देवीच्या देवळात गेलो होतो. सभामंडपाच्या चारही खांबांना गुलाबी ऑईलपेंट चढवलेला, नक्षीच्या कडा सोनेरी रंगानं गिरवलेल्या. एका खांबाचा रंग कमरेच्या उंचीवर, येणारा-जाणारा जिथं पाठ टेकतो तिथं, तळहाताएवढा उडाला होता. आत काळा दगड दिसत होता. बोट फिरवलं तर एकाखाली एक तीन कडी हाताला लागली, चरकावर कातल्यासारखी एकसारखी. गुरवमामा म्हणाले, "पांडवांनी एका रात्रीत बांधलंय बघा पावणं. कोंबडं आरवलं आन् शिखर तसंच राह्यलं." बाहेर कमानीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'प्राचीन हेमाडपंती मंदिर'.

एकाच देवळाची ही दोन वयं. पांडव आणि हेमाडपंत यांच्या मधे किती शतकं गेली याचा हिशेब कुणी मागत नाही, कारण दोन्ही शब्दांचा अर्थ गावाच्या लेखी एकच असतो, 'फार जुनं'. सांगली-साताऱ्यातली बहुतेक देवीची देवळं या दोन शब्दांत गुंडाळून ठेवलेली आहेत. पण नीट पाहिलं तर प्रत्येक ठिकाणी तीन वेगळी वयं सापडतात. देवीचं ठाणं वेगळ्या काळातलं, मूर्ती वेगळ्या काळातली, देऊळ आणखी वेगळ्या काळातलं. ही तीन वयं एकमेकांत मिसळली की सगळा इतिहास धूसर होतो. ती सुटी करता येतात का, आणि कशाच्या आधारानं, हा या लेखाचा विषय.

सगळ्यात जुनं असतं ते ठाणं, आणि त्यालाच वय लावणं सगळ्यात अवघड. गावाच्या शिवेवरची मरीआई, तुकाई, लक्ष्मीआई, कुठं माळावरची यल्लम्मा. यांतल्या कितीतरी ठिकाणी मूर्ती नाहीच, शेंदूर माखलेला तांदळा आहे. अनघड दगडावर छिन्नीची खूण नाही, मग काळ सांगणार कोण? दामोदर धर्मानंद कोसंबींनी पुण्याच्या परिसरात पायी हिंडून या मातृदेवतांच्या जागा पाहिल्या आणि एक गोष्ट लक्षात आणून दिली. ही ठाणी बहुतेकदा जुन्या वाटा जिथं मिळतात, घाट जिथं उतरतात, गुरं घेऊन हिंडणारी माणसं जिथं एकत्र येत, तिथं आहेत. गाव मागाहून वसलं. १९६२ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात हे निरीक्षण आहे. रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी'पासून 'शक्तिपीठांचा शोध'पर्यंत त्याच वाटेनं जाऊन शब्द, कथा, विधी आणि मूर्ती एकत्र वाचायला शिकवलं. या दोघांना वाचल्यावर जतच्या यल्लम्माच्या जत्रेतला जनावरांचा बाजार वेगळा दिसू लागतो. देवीची जत्रा आणि खिलार बैलांची खरेदी-विक्री एकाच माळावर का भरते, याचं उत्तर देवळात शोधून मिळायचं नाही. ते माळावरच आहे.

मूर्ती आणि देऊळ यांच्याकडे वळलं की हाताशी धरायला भक्कम मोजपट्टी लागते. ती आपल्या शेजारीच आहे, कोल्हापूरची अंबाबाई. सांगली, मिरज, कऱ्हाड हा सगळा टापू अकराव्या-बाराव्या शतकांत कोल्हापूरच्या शिलाहारांकडे होता. मिरजेला सापडलेला शिलाहार मारसिंहाचा ताम्रपट शके ९८०चा, म्हणजे इ.स. १०५८चा आहे. कऱ्हाडची शिलाहार राजकन्या चंदलदेवी कल्याणीच्या सहाव्या विक्रमादित्याला दिली होती, आणि त्या विवाहाचं वर्णन बिल्हणानं काव्यात केलं. हे शिलाहार स्वतःला महालक्ष्मीच्या वरप्रसादानं राज्य मिळालेले म्हणवत. कृष्णाकाठचं राजकारण आणि देवी यांची गाठ इतकी जुनी आहे. तिच्याही आधीचा एक दाखला आहे. संजाण इथं मिळालेल्या शके ७९३च्या, म्हणजे इ.स. ८७१च्या ताम्रपटात राष्ट्रकूट राजा पहिला अमोघवर्ष यानं प्रजेवरचं संकट टळावं म्हणून आपल्या डाव्या हाताचं बोट कापून महालक्ष्मीला वाहिल्याचा उल्लेख आहे. ही महालक्ष्मी कोल्हापूरचीच, असं अभ्यासक मानत आले आहेत. म्हणजे नवव्या शतकात देवी राजाला बोट वाहायला लावण्याइतकी मोठी झालेली होती. पण आज आपण ज्या देवळात उभे राहतो त्याचा मोठा भाग शिलाहारांच्या काळाभोवतीचा, आणि वरची शिखरं तर कितीतरी नंतरची, विटा-चुन्याची.

मूर्तीची गोष्ट आणखी निराळी. सुमारे पावणेतीन फुटांची, चार हातांची. खालच्या उजव्या हातात म्हाळुंग, वर गदा, डाव्या वरच्या हातात ढाल, खाली पानपात्र. मस्तकावर नाग आणि लिंग. ही लक्षणं 'देवीमाहात्म्या'ला जोडलेल्या प्राधानिक रहस्यात जशीच्या तशी सांगितली आहेत. विष्णूपत्नी लक्ष्मीच्या हातात कमळं असतात, तिच्या डोक्यावर लिंग असण्याचं कारण नाही. इथं मूर्तीच बोलते, की ही स्वतंत्र आदिशक्ती आहे. धामधुमीच्या काळात ही मूर्ती लपवून ठेवली होती आणि १७१५ साली, करवीरच्या संभाजीराजांच्या कारकिर्दीत, तिची पुन्हा प्रतिष्ठापना झाली. म्हणजे आजची अखंड पूजा त्या वर्षापासूनची आहे. देवी सगळ्यांत जुनी, मूर्ती मध्ययुगातली, देवळाचं अंग शिलाहारांभोवतीचं, पूजेची आजची घडी मराठेशाहीतली आणि शिखर त्याहून अलीकडचं. कोल्हापुरासारख्या ठिकाणी, जिथं इतकी साधनं उपलब्ध आहेत, तिथं हे थर असे उलगडतात. मग आपल्या गावच्या देवळाला एकाच शब्दात वय कसं सांगता येईल?

अंबाबाईच्या किरणोत्सवाबद्दल इथंच थोडं सांगतो, कारण देऊळ बांधणाऱ्यांची कसोटी त्यात दिसते. देऊळ पश्चिमाभिमुख आहे. नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखेला, आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळत्या सूर्याची किरणं महाद्वारातून सरळ गाभाऱ्यात येतात. पहिल्या दिवशी पायांवर, मग मध्यावर, मग मुखावर. दोनदाच का? डिसेंबरच्या २१-२२ तारखेला सूर्य दक्षिणेच्या टोकाला असतो. त्याच्या सुमारे एकेचाळीस-बेचाळीस दिवस आधी आणि तितकेच दिवस नंतर तो क्षितिजावर एकाच जागी मावळतो. त्या एका जागेच्या रोखानं देवळाचा कणा आखलेला आहे. मधे एखादी इमारत उंच झाली किंवा आभाळ धुरकट राहिलं, की किरणं गुडघ्याशीच थांबतात आणि कोल्हापूरकर हळहळतात.

आता हेमाडपंती या शब्दाकडे. हेमाद्री हा यादवांचा मंत्री. महादेवाची कारकीर्द १२६० ते १२७१, रामचंद्राची १२७१ पासून पुढं. या काळात तो अधिकारावर होता. आपल्या शेजारचं खिद्रापूरचं कोपेश्वर घ्या. तिथं यादव सिंघणाचा शके ११३६चा लेख आहे. म्हणजे १२१४च्या सुमाराला ते देऊळ उभं होतं आणि सिंघण त्याला दान देत होता. हेमाद्री कारभारात यायला अजून चार-साडेचार दशकं होती. अंबरनाथचं देऊळ तर शके ९८२चं, इ.स. १०६०चं. तरी ही दोन्ही देवळं लोक सहज हेमाडपंती म्हणतात. चुन्याशिवाय, दगडावर दगड खाचेत बसवून केलेलं बांधकाम, एवढाच अर्थ आता त्या शब्दात उरला आहे. बांधकामाची ही रीत हेमाद्रीच्या आधी दोन शतकं महाराष्ट्रात रुजलेली होती. हेन्री कझिन्सचं दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवरचं पुस्तक १९३१ साली निघालं. त्यालाही आता शंभर वर्षं होत आली, पण कमानीवर रंगवलेल्या अक्षरांना त्यानं काही फरक पडला नाही. मला वाटतं, 'हेमाडपंती' हा शब्द बोलण्यात राहू द्यावा, पण फलकावरून आणि पर्यटनाच्या पुस्तिकांतून तो काढावा. तो शब्द दिसला की पुढं कुणी पाहतच नाही.

पाहायचं काय, तर चार गोष्टी. पहिला खांब. खाली चौकोनी, मधे अष्टकोनी, वर गोल, त्यावर कणी, आणि तुळईला आधार देणाऱ्या हस्तांवर कुठं कीचक तर कुठं फणा काढलेले नाग. मघाशी सांगितलेली ती कडी या गोल भागातली. दुसरं छत. चौकोनाच्या कोपऱ्यांवर तिरक्या शिळा टाकून आतला चौकोन लहान करत नेतात, त्यावर पुन्हा तिरक्या, शेवटी मधोमध एक कमळ. मान वर करून पाहिलं की अवघ्या पाच मिनिटांत कळतं, की छत मूळचं आहे की मागाहून सपाट शिळा टाकल्यात. तिसरा दाराचा माथा, ललाटबिंब. तिथं गणपती आहे, गजलक्ष्मी आहे की आणखी कुणी, यावरून आत मूळचा देव कोणता असेल याचा माग लागतो. आत देवी आणि बाहेर नंदीचा चौथरा, असं दिसलं तर थबकायचं. चौथं, भिंतीतल्या दगडांची जोडणी. सांध्यात चुना आहे का, दगडाचं माप एकसारखं आहे का, की जुन्या कोरीव शिळा उलट्यासुलट्या करून पुन्हा वापरल्या आहेत?

आणि दगड कोणता, हेही. गदग-धारवाडकडच्या देवळांतली जाळीसारखी नाजूक नक्षी आपल्याकडे का नाही, असं लोक विचारतात. तिकडे मऊ, हिरवट झाक असलेला दगड आहे. खाणीतून काढताना लोण्यासारखा कापतो. सांगली-साताऱ्याखाली सगळा काळा कातळ. छिन्नीची धार क्षणात बोथट करणारा. या दगडातून तीन कडी एकसारखी काढणाऱ्या पाथरवटाचा हात किती सरावलेला असेल, ते बोट फिरवूनच समजतं.

दगड बोलत नाही तिथं कधी ग्रंथ बोलतो. भिलवडीजवळ कृष्णेच्या पूर्वकाठी भुवनेश्वरीचं देऊळ आहे, समोर पश्चिमकाठी औदुंबर. 'गुरुचरित्रा'च्या सतराव्या अध्यायात करवीरच्या एका विद्वान ब्राह्मणाच्या मुलाची कथा येते. मुलगा मंदबुद्धीचा, आईबाप गेलेले, गावानं हिणवलेला. तो घर सोडून भिलवडीला येतो, देवीपुढं तीन दिवस उपाशी बसतो. देवी प्रसन्न होत नाही, तेव्हा जीभ कापून तिच्या पायाशी ठेवतो. रात्री देवी स्वप्नात सांगते, पलीकडच्या काठावर औदुंबराखाली एक यती आहेत, त्यांच्याकडे जा. तो नदी पोहून नृसिंहसरस्वतींच्या पायाशी येतो आणि जीभ व विद्या दोन्ही मिळतात. कथा चमत्काराची आहे, पण तिच्यातून इतिहास काढता येतो. ग्रंथ रचला गेला तेव्हा भुवनेश्वरीचं ठाणं इतकं ख्यात होतं, की कोल्हापूरचा दुःखी पोर स्वतःच्या महालक्ष्मीला सोडून इथं धाव घेतो, हे ऐकणाऱ्याला पटत होतं. आणि जुनी देवी आपल्या भक्ताला नव्या गुरूकडे पाठवते. दत्तसंप्रदाय या काठावर कसा रुजला, कुणाच्या अंगणात रुजला, याची नोंद ती कथा करून ठेवते. नावेतून पलीकडे जाताना मला दर वेळी हेच आठवतं: आज गर्दी औदुंबराला आहे, भुवनेश्वरीच्या काठावर शांतता आहे.

जत तालुक्यातलं गुड्डापूर याच्या अगदी उलट. इथली देवी दानम्मा ही एक हाडामांसाची बाई होती. उमराणीची लिंगम्मा, बाराव्या शतकातली, बसवेश्वरांच्या काळातली शरणी. दानधर्मामुळं ती दानम्मा झाली, पुढं देवी झाली. देवीचं वय इथं माहीत आहे, ठाणं तिच्यापेक्षा जुनं, सोमेश्वराचं. कार्तिक अमावास्येला विजापूर, बागलकोट, सोलापूरकडून पायी दिंड्या येतात आणि त्या दोन दिवसांत गुड्डापुरात मराठीपेक्षा कन्नड जास्त ऐकू येतं. बनाळीची बनशंकरीही अशीच दोन भाषांमधली देवी. तिचं मोठं ठाणं बदामीजवळ, आणि तिथलं आजचं देऊळ अठराव्या शतकात एका मराठा सरदारानं बांधलेलं. सांगलीच्या पूर्वेच्या देवळांचा अभ्यास मराठी पुस्तकांपुरता ठेवला तर निम्मी गोष्ट हातची जाते, कारण तिथले बरेचसे जुने शिलालेख कन्नडमध्ये आहेत.

साताऱ्याकडे वर सरकलं की देवी डोंगरावर चढतात. औंधची यमाई मूळपीठाच्या टेकडीवर आहे, काळ्या पाषाणाची, भव्य, मांडी घालून बसलेली. इथं तिचं नाव ऐकून थांबायला हवं. लोक सांगतात, रामानं 'ये माई' म्हणून हाक मारली म्हणून यमाई. तुकाईबद्दलही तशीच गोष्ट, 'तू का आई'. जोतिबाच्या डोंगरावर हीच हाक जोतिबाच्या तोंडी येते, आणि चैत्री पौर्णिमेला त्याची पालखी तिथल्या यमाईच्या भेटीला जाते. हाक मारणारा बदलतो, हाक तीच राहते. माझ्या मते यातून इतकंच निघतं, की नाव आधीचं आहे आणि गोष्ट नंतर जोडली आहे. देवीच्या नावाचा अर्थ लोकांना लागेनासा झाला तेव्हा त्यांनी तो घरगुती मराठीत लावून घेतला.

औंधला बांधकाम मात्र पंतप्रतिनिधींचं. कुलदेवतेवर या घराण्याची विलक्षण श्रद्धा. किन्हईच्या डोंगरावरची साखरगडनिवासिनीही त्यांचीच. औंध गावातल्या देवळासमोरची उंच दीपमाळ, नगारखाना, दगडी तट, चुन्याचं शिखर, हा सगळा संच मराठेशाहीचा. दीपमाळ दिसली की एक खूणगाठ बांधावी. बाराव्या शतकातल्या देवळाला ती नसे, असली तर ती मागाहून आली. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली टेकडीच्या वाटेवर वस्तुसंग्रहालय उघडलं, त्यालाही नाव भवानीचं दिलं. देवीच्या डोंगराच्या कुशीत राजा रविवर्म्याची चित्रं आणि हेन्री मूरचं शिल्प, असं ठिकाण महाराष्ट्रात दुसरं नाही.

ज्या देवळाचं वर्ष नक्की माहीत आहे असं या भागातलं मोठं ठाणं म्हणजे प्रतापगडची भवानी, १६६१. गंडकीच्या शिळेची मूर्ती घडवून शिवाजी महाराजांनी ती गडावर बसवली. तुळजापूर तेव्हा आदिलशाहीत होतं, कुळाच्या देवीला जाणं दुरापास्त होतं, म्हणून देवी स्वतःच्या मुलखात आणली. हे देऊळ 'प्राचीन' नाही आणि त्यामुळं त्याचं मोल तसूभरही कमी होत नाही. हे ज्यांना पटतं त्यांनी आपल्या गावच्या दोन-तीनशे वर्षांच्या देवळाला पांडवांपर्यंत नेण्याचा आग्रह का धरावा?

देवळाच्या रचनेबद्दल बोलताना वाईजवळच्या मांढरदेवचा विषय मी टाळू शकत नाही. काळूबाईचं देऊळ लहान, डोंगरमाथ्यावर, समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फुटांच्या वर. २५ जानेवारी २००५, शाकंभरी पौर्णिमा. अरुंद पायऱ्या, नारळाच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या, वरून येणारे आणि खालून जाणारे एकाच वाटेवर, मग दुकानांना लागलेली आग. सुमारे तीनशे माणसं गेली. न्यायमूर्ती राजन कोचर यांच्या आयोगानं चौकशी केली. ते देऊळ बांधलं गेलं तेव्हा पंचक्रोशीतली माणसं नवसाला येत, तेवढ्यांचा विचार करून गाभारा, सभामंडप, पायऱ्या झाल्या. आता लाखो येतात. जुनी वास्तू आणि आजची गर्दी यांचा मेळ घालणं हा वास्तुशास्त्राचाच प्रश्न आहे, आणि तो देवळाला सिमेंटचा मंडप चिकटवून सुटत नाही. वाट, पाणी, उतरायचा रस्ता हे देवळापासून लांब, डोंगराच्या पायथ्यापासून आखावं लागतं.

सिमेंटचा मंडप म्हणताच जीर्णोद्धार आलाच. गेल्या तीस-चाळीस वर्षांत या दोन जिल्ह्यांत जितकी देवळं बदलली तितकी आधीच्या तीनशे वर्षांत बदलली नसतील. पैसा आला, ऊस-द्राक्षं आली, पोरं मुंबई-पुण्याला कमावती झाली, आणि देवीचं काही करावं ही भावना मनापासूनची आहे. तिच्याबद्दल मला आदरच आहे. पण होतं असं की फरशीवर ग्रॅनाईट येतं आणि खांबांचे कोरीव तळखडे त्याखाली जातात. भिंतीला स्टाईल लागते आणि जोडणी झाकली जाते. शेंदराचं जाड कवच काढायला कुणी कानस घेतो आणि मूर्तीचं नाक जातं. १९६० चा राज्याचा पुराणवस्तू कायदा संरक्षित स्मारकांपुरता चालतो, आणि गावोगावची देवळं त्या यादीत नाहीत. त्यांचं रक्षण गावच्या समितीच्या हातात आहे.

त्या गुलाबी खांबांच्या गावी यंदा पुन्हा गेलो. जीर्णोद्धाराची बैठक होती, पारावरच. मी एवढंच मागितलं: काम सुरू करण्याआधी चारही बाजूंचे, छताचे, दाराच्या माथ्याचे फोटो काढा, मापं लिहून ठेवा, लिंबाखाली पडलेले वीरगळ आणि भंगलेल्या मूर्ती हलवू नका, आणि खांबांचा रंग काढायचाच तर वाळूचा फवारा नको, ॲसिड नको, छिन्नी तर नकोच, रंग सैल करणारं औषध आणि मऊ ब्रश, आणि जाणत्याला विचारून. एक तरुण म्हणाला, खर्च वाढेल. दुसरा म्हणाला, काळा खांब अंधारा दिसेल. गुरवमामा इतका वेळ गप्प होते. मग उठले, मंडपात गेले, त्या उडालेल्या तुकड्याच्या कडेला नख लावून पापुद्रा आणखी थोडा सोलला. चौथं कडं वर आलं.

"आत असं हाय तर झाकायचं कशाला," ते म्हणाले. "आईला अंधार कवा कळतोय."